घडीमावशी पाहुणी होते

घोडागाड्यांच्या जमान्यातल्या त्या सरायीत घडीमावशीने उभं आयुष्य पाहुण्यांच्या खोल्या आवरण्यात घालवलं. चादरीला अशी कडक घडी पाडायची की पाहुण्याला तिच्यावर झोपायची चोरी व्हावी. म्हणून हे नाव पडलं. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला आणि काम सुटलं. मालकीण मनाने मोठी. तिने निरोप देताना आमंत्रणही दिलं की दोन दिवस आमच्याकडे पाहुणी म्हणून राहा.

मावशी नाहीच म्हणणार होती, पण लेक हटून बसली. मागे मावशी तिच्याकडे राहायला गेली होती तेव्हा तिने सगळ्यांना पळता भुई थोडी केली होती. जावई तोंड धुऊन येईपर्यंत त्याचं अंथरूण गायब, नातीची खेळणी उंचीप्रमाणे रांगेत उभी. आता लेकीची एकच अट होती. सरायीत दोन दिवस स्वस्थ बसून दाखव, मग माझ्याकडे कायमची ये. मावशीला जायचं होतं, फार जायचं होतं. नातीत तिचा जीव अडकला होता आणि एकटीचं घर खायला उठत होतं.

खोली मिळाली ती छपराखालची, सगळ्यांत लहान. पलंग, खुर्ची आणि एक खिडकी. दुसरं माणूस आत आलं तर पहिल्याने पलंगावर चढावं इतकीच जागा. याच खोलीत ती वर्षानुवर्षं राबली होती, पण पलंगावर कधी टेकली नव्हती. आता टेकली आणि लगेच उठली. पुन्हा बसली, अगदी काठावर. खिडकीतून अंगणात वेड्यावाकड्या वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, तशी तिच्या जिवाची घालमेल झाली. तिने खिडकी लावून घेतली. मग खिडकीची काच मळकी दिसायला लागली.

रात्र तिने एका कुशीवर काढली, चादर चुरगळू नये म्हणून. सकाळी उठून ‘थोडंसंच’ म्हणत पलंग आवरला, काच पुसली, पिशवी पलंगाखाली सारली. आणि हाताला लागलेल्या सवयीने किल्ली बाहेरून दाराला लावून ठेवली. खोली तयार झाल्याची ती सरायीची जुनी खूण. मग बाई आत खुर्चीत बसून राहिल्या, हात मांडीवर धरून, आपण किती शहाण्यासारख्या बसलोय याचं स्वतःशीच कौतुक करत.

काउंटरवरचा कारकून नवा होता. त्याने वर फेरी मारताना किल्ली पाहिली आणि खाली येऊन एका नवराबायकोला वर पाठवून दिलं. दार उघडलं. मावशी ताडकन उभी राहिली.

"या, खोली तयार आहे," ती म्हणाली.

खिडकीची कडी जरा अडते तेही तिने दाखवलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं. निम्मा जिना उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की खोली आपली होती. वर जाऊन सांगायचं तरी काय? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय आपसूक मागच्या धुण्याच्या खोलीकडे वळले.

दुपारी लेक भेटायला आली. तिला आधी ते अनोळखी नवराबायको भेटले, मग माफी मागून मागून थकलेला कारकून, आणि शेवटी आई. आई चादरींना घड्या घालत होती.

लेक ओरडली नाही. तिने झाला प्रकार ऐकून घेतला आणि विचारलं, "आई, ही खोली माझी आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं गं?"

मावशीचे हात चालूच होते. "बसले ना, की वाटतं आता कुणीतरी येऊन विचारेल, ही कोण आणि इथे कशाला."

"माझ्या घरी पण?"

मावशी थांबली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"तुझ्या घरी जास्त."

लेकीने पुढे होऊन आईच्या हातातली चादर काढून घेतली, आणि ती कुठे ठेवायची हेच तिला सुचेना.