टायरवाल्या वहिनी

टायरवाल्या वहिनी टायरला घाबरायच्या आणि ते लपवायच्याही नाहीत. हवा भरायची वेळ आली की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. आधी शेतावरच्या आम्हा सगळ्यांना विहिरीच्या कठड्यामागे हाकलायच्या, मग लांब नळी घेऊन चाकाच्या बाजूला उकिडव्या बसायच्या. समोर कधीच नाही. "हवा माणूस बघत नाय, साहेब," म्हणायच्या.

अंबरनाथला बुवापाड्यात त्यांच्या नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. हवा भरतानाच एक टायर फुटून तो गेला. तेव्हापासून दुकान वहिनींनीच चालवलं. एमआयडीसीतली नोकरी सोडून मी बदलापूरपलीकडे सेंद्रिय शेती करायला लागलो, तेव्हा माझ्या जुन्या ट्रॅक्टरसाठी रिक्षात हत्यारं घालून त्याच यायच्या. काम झालं की रबराचा कीससुद्धा वेचून पिशवीत भरायच्या. "तुम्ही जमिनीत खत-औषध घालत नाय, मग माझा कचरा कशाला?"

त्या वर्षी भाताची चिखलणी ऐन भरात होती आणि मागच्या टायरला कडेनं लांब भेग पडली. वहिनींनी आतून ठिगळ लावलं. मग भेगेवरून बोटं फिरवून म्हणाल्या, "याच्यात जीव नाय राहिला. दुसरा बघा."

"आजचा दिवस निभावू द्या," मी हट्ट धरला.

नाइलाजानं त्या हवा भरू लागल्या. भेग धरते का बघायला मी कठड्यामागून निघालो आणि चाकासमोर वाकलो. रबर कुरकुरलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं, पण पाय जागचे हलेनात.

"साहेब, हटा!"

वहिनींनी झेप घेऊन मला कॉलर धरून बाजूला ओढलं. तेवढ्यात स्फोट झाला.

मी डोळे उघडले तेव्हा वहिनी चिखलात बसल्या होत्या. त्यांच्या कानातून रक्त येत होतं. "तुम्ही आहात ना? बोला की!" त्या ओरडत होत्या. मी बोलत होतो. त्यांना ऐकू जात नव्हतं.

उजवा कान कायमचा गेला, डावा निम्मा राहिला. दुकान बंद झालं. महिनाभर मी टाळाटाळ केली. त्यांच्यासमोर जायचीच भीती वाटायची. शेवटी बुवापाड्यात गेलो. त्यांनी चहा ठेवला.

"वहिनी, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"काय?"

मी मोठ्यानं तेच म्हणालो. शेजारच्या दारातली बाई वळून बघू लागली.

वहिनींनी माझ्या कपाकडे पाहिलं. "साखर कमी पडली का?"

तिसऱ्यांदा म्हणायची माझी छाती झाली नाही. मी नुसती मान डोलावली. त्यांनी उठून चमचाभर साखर घातली, ढवळली आणि मी चहा संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.