पहाटेची बरणी

आमच्या घरात मासा उजाडायच्या आत फाडायची रीत होती. आम्ही भोई, दौंडजवळ भीमेच्या काठाला घर. वडील संध्याकाळी गळ लावत आणि अंधार असतानाच काढत. सापडलेल्या पहिल्या वामीचं पोट तिथंच फाडून तिनं काय खाल्लंय ते बघत, आणि दुसऱ्या दिवशी गळाला तेच लावत. कधी झिंगे, कधी गांडूळ. वाम रात्री खाते, ऊन चढल्यावर पोटात काही उरत नाही, हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मी शिरूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचं संशोधन करत होते. माझे मार्गदर्शक सर लक्षद्वीपला जाऊन फॉर्मेलिनच्या बरण्यांतून मासे घेऊन आले होते. लाल, बटाट्याएवढ्या डोळ्यांचे. हे मासे दिवसा प्रवाळाच्या कपारीत दडतात आणि अंधार पडला की चरायला निघतात. ते काय खातात, हा सरांचा विषय. पोटं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम माझं.

पोटं रिकामी निघाली. आत नुसता चिकट लगदा. सरांनी ठरवून टाकलं की हे मासे प्रवाळावरचा बुळबुळीत थर चाटून जगतात. मी म्हटलं, बरण्यांतल्या चिठ्ठ्यांवर दुपारचे बारा लिहिलंय, तोवर रात्रीचं सगळं जिरून गेलं असणार, वडील वामीचं पोट म्हणूनच पहाटे फाडतात.

"भोयाच्या घरचं शास्त्र नदीवर ठेवायचं," सर म्हणाले. "इथं प्रयोगशाळा आहे."

प्रयोगशाळेतले सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला आजही जास्त राग येतो.

पुढच्याच आठवड्यात खोक्याच्या तळाशी एक लहान बरणी सापडली. बेटावरच्या कुणा कोळ्यानं दिलेले चार मासे, आत सरांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: पहाट. पोटं गच्च भरलेली होती. खेकड्याच्या नांग्या, झिंग्यांचे पाय, एक अख्खा किडा. मी झालं गेलं गिळलं. त्यांच्या सहीशिवाय मला पीएच.डी. मिळणार नव्हती, आणि त्यांचा निबंध चुकणार होता. बरणी घेऊन मी सांगायला निघाले.

व्हरांड्यात वडील उभे होते. सरांकडे पाहुणे यायचे होते म्हणून त्यांनी माझ्याकरवीच मरळ मागवली होती. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून वडील दौंडहून एसटीनं आले होते. सरांनी दारातूनच शिपायाला मासा घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, "खिडक्या उघड रे, वास मारतोय." वडलांनी ते ऐकलं. ते आपणहून दोन पावलं मागं सरकले.

त्या दोन पावलांनी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उलटी फिरले आणि बरणी माझ्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

तीन महिने मी डूख धरून काम केलं. सरांच्या चुकीचे इतके सुरेख तक्ते काढले की बघत राहावं. रेषा शाईनं, रकाने रंगीत. सर खूश होते. मला एकच घोर होता, निबंधावर माझंही नाव होतं. तेही त्यांनी शेवटी खोडलं. म्हणाले, मदतनीसाचं नाव घालत नाहीत. मी मान डोलावली. मला बाहेरची वाट त्यांनीच करून दिली.

पुण्यातल्या चर्चासत्रात सर छान बोलले. मग पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध शास्त्रज्ञानं विचारलं, मासे पकडले कधी? सरांना आठवेना. त्यांनी मला निबंधातल्या माशांची एक बरणी आणायला सांगितली. मी ती सरांच्या हातात न देता त्या म्हाताऱ्याच्या हातात दिली.

चिठ्ठीवरचं 'दुपारचे बारा' वाचून ते म्हणाले, "रात्री जेवणाऱ्याचं ताट तुम्ही दुपारी तपासलंत."

सभागृह हसलं. हसू विरेपर्यंत मी थांबले, मग पिशवीतून दुसरी बरणी काढली. "ही पहाटेची," मी म्हटलं, आणि आत काय सापडलं ते एकेक सांगितलं. सर कपाळाचा घाम पुसत होते. ते दोन पावलं मागं सरकले आणि फळ्याला टेकले. मी ती पावलं मोजली. इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलंय.

सरांनी सही केली नाही. पदवी राहिली ती राहिलीच. मी यवतच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पश्चात्ताप म्हणाल तर तेव्हा झाला नाही, आजही होत नाही.

चर्चासत्राच्या संध्याकाळी घरी जाऊन मी वडलांना सगळं सांगितलं, व्हरांड्यासकट. सरांची फजिती ऐकताना ते जाळं शिवत राहिले. त्यांनी एकच विचारलं, त्या माशांनी खाल्लं काय होतं?

खेकडे, झिंगे, किडे, मी म्हटलं.

"म्हंजी आपल्या वामीसारकंच की," ते म्हणाले. "मी तितंच दाराशी हुतो. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."