चढावरचा नारळ

परवा भोरमध्ये भावाच्या नव्या गाडीपुढं नारळ फोडला. चार थेंब तापलेल्या बॉनेटवर उडाले आणि त्या वासासरशी मी थेट पासलीच्या चढावर जाऊन पोचलो.

आत्याकडे पासलीला जाताना आमची जुनी मोटार उन्हाळ्यात त्या चढावर, नेमकी म्हसोबासमोर, आचके देऊन बंद पडायची. आई नारळ फोडायची, आम्ही सावलीत बसून खोबरं खायचो आणि मग गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची. भोरच्या बापू मिस्त्रींनी गावात फिरवून पाहिली, की तिला काहीच व्हायचं नाही. शेवटी वैतागून तेच एकदा आमच्यासोबत निघाले.

म्हसोबापाशी गाडी थांबली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपाला बोट लावलं आणि चटका बसताच हात झटकला.

"वहिनी, पाणी द्या!"

बाटली रिकामी होती. त्यांनी आईच्या हातातला नुकताच फोडलेला नारळ घेतला आणि आतलं पाणी पंपावर ओतलं. चर्र झालं. गाडी लगेच सुरू!

"पंप लई तापतोय, आत पेट्रोलची वाफ हुतीया," मिस्त्री म्हणाले. "तुमी खोबरं खाताय तवर त्यो निवतोय, म्हून गाडी सुरू हुती."

"म्हंजी नारळच लागला का न्हाई?" आई म्हणाली.

मिस्त्रींनी हसत खोबऱ्यासाठी हात पुढं केला. तेव्हा मला वाटलं होतं, वाद मिस्त्रींनी जिंकला. आता तशी खात्री देता येत नाही. आमच्या नव्या गाड्या त्या चढावर कुरकुरतसुद्धा नाहीत. म्हसोबा आला की आम्हीच त्या बंद करतो.