गुरुजींच्या पाठीवरचे पिंपळपान

लाख विस्तवावर वितळते, हे मला पहिल्यापासून माहीत होते. चंद्रपुरात ती मे महिन्यात विस्तवाशिवायही वितळते, हे मात्र माझ्या बहिणीचे होणारे सासरे आमच्या खुर्चीत टेकून बसल्यानंतर कळले.

या सगळ्याला नागपूरच्या एका नातेवाइकाने पाठवलेले शुभेच्छापत्र कारण झाले. ऐंशीनंतरची ती वर्षे ग्रीटिंग कार्डांचीच होती. पण या कार्डावरची अक्षरे कागदावर फुगून उभी राहिलेली! मी दिवसभर त्यांच्यावरून बोट फिरवत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "आता पुरे करा जी, झिजून जाईन ते."

छापखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यातली खुबी सांगितली. ओल्या छापावर राळेची पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि खालून धग द्यायची. पूड वितळते आणि अक्षर उचलून येते. मी पाटबंधारे खात्यात हिशेब तपासणारा माणूस. ज्या कामात प्रमाण आहे ते काम मला जमणारच, असा माझा समज होता. (समज होता, एवढे नमूद करतो.)

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण सुजाता हिला पाहायला बुद्धपौर्णिमेच्या दिवशी वडशाचे रामटेके गुरुजी येणार होते. बरोबर मुलगा. सुजाता आणि तो मुलगा एकाच कॉलेजात होते, त्यामुळे 'पाहणे' तिथे आधीच उरकले होते. आता फक्त गुरुजींनी पाहायचे राहिले होते. आणि अडचण तीच होती. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अंगावर नीळ दिलेले, दगडासारखी इस्त्री केलेले पांढरे कपडे. पाण्याच्या गिलासावर बोटाचा डाग दिसला म्हणून एका घरून ते चहा न घेता उठून गेले होते!

"दादा," सुजाताने मला बजावले, "हे स्थळ गेलं तं मी तुयाशी जन्मभर बोलनार नाई."

"काऊन जाईन? मी गुरुजीले असं कार्ड करून देतो का पाहूनच खूश होतीन."

"तू काही करू नोको ना! तेच सांगून राह्यली मी."

पण मी कामाला लागलो होतो. जुन्या स्लीपरचा तळ कापून ब्लेडने शिक्का कोरला. वर पिंपळपान, खाली 'मंगल कामना – मेश्राम परिवार'. पट्टीने मोजून, समासासकट. शाई म्हणून डिंकाच्या पाण्यात लाल रंग. राळ काही मिळाली नाही. पण गडचिरोलीच्या बाजारात लाख मिळते, आणि लाख काय नि राळ काय, दोन्ही झाडावरचेच. ती मी घरच्या खलबत्त्यात कुटली. (त्या खलबत्त्यातल्या चटणीला पुढे महिनाभर नव्या कपाटाचा वास येत होता.)

पहिले कार्ड शेगडीवर धरले ते जळाले. दुसऱ्यावर पान छान फुगले, पण कार्ड जरा वाकवताच त्याचे तुकडे पडले. मग लाखेत मेण घातले. तरी तडकले. मग एरंडेल घातले.

"हे ग्रीटिंग आहे का जुलाबाचं औषध?" बायकोने विचारले. "आन् शेगडी सोडा आता. मले सैपाक कराचा आहे, तुमचे पानं तळाचे नाई!"

एरंडेलाने मात्र काम फत्ते झाले. लाल, चकचकीत, टपोरे पान! मी एका दमात सगळी कार्डे करून टाकली, गुरुजींसाठी खास मोठा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर शिक्का उठवला आणि मगच सुजाताला हाक मारली. तिने कार्ड हातात घेतले, मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला.

"दादा, हे उलटं आहे."

मी अक्षरे इतक्या काळजीने सुलटी कोरली होती, की कागदावर ती तितक्याच काळजीने उलटी उमटली होती!

"हरकत नाई," बायको म्हणाली, "एकेका कार्डासंगं एकेक आरसा देऊन द्या."

पण केलेले काम टाकून देणे माझ्या स्वभावात नाही. उलट्या मजकुराखाली मी पेनाने सुलटा मजकूर लिहिला, नक्कल तपासून सही करावी तसा, आणि विषय मिटवला. कार्डे पेटीत रचली. इथे एक सांगायला हवे. हे सारे प्रयोग मी पहाटे केले होते, कारण दिवसा शेगडीजवळ बसवत नव्हते. आणि चंद्रपुरातली पहाट आणि दुपार हे दोन वेगळे देश आहेत. एकाचा कायदा दुसऱ्यात चालत नाही.

पौर्णिमेला पाहुणे भर दुपारच्या बसने आले. खोलीत शिरताच नजरेत भरावे म्हणून गुरुजींचे खास कार्ड मी खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवले होते. गुरुजी दारात आले आणि त्याच क्षणी वीज गेली. (आमच्या शेजारच्या वीजकेंद्रातून लांबलांबची गावे उजळतात; आमचा पंखा तेवढा त्यांच्या यादीत नाही.) बाहेरच्या रखरखाटातून आलेल्या माणसाला आतले काय दिसणार? गुरुजी चाचपडत आले आणि थेट त्या खुर्चीत रेलून बसले.

मी तोंड उघडले. पण गुरुजींनी त्याआधीच उघडले होते.

"मेश्राम, मी एकच गोष्ट पाहत असतो. स्वच्छता. समोरून तं सारेच स्वच्छ राह्यते. माणसाची परीक्षा पाठीकडून होते!"

"हो गुरुजी," मी म्हणालो.

ते बोलत राहिले. घाम निथळत होता, पत्र्याचे छप्पर तडतडत होते, आणि माझे मेण, माझे एरंडेल, माझे प्रमाण गुरुजींच्या पाठीमागे गुपचूप आपले काम करत होते. गिलास स्वच्छ निघाले. पोहे पसंत पडले. सुजाताची उत्तरे पसंत पडली. "चला, विहारात वंदनेला जाऊ," म्हणत गुरुजी उठले. कार्डही त्यांच्याबरोबर उठले! क्षणभर लोंबकळले, चर्र असा आवाज झाला आणि पुठ्ठा खुर्चीत पडला. पेनाची ओळ सोडली तर कोरा!

गुरुजींच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर मधोमध लालभडक पिंपळपान होते. आणि त्याखाली उलट्याचे उलटे होऊन, सुलट, ठसठशीत: 'मंगल कामना – मेश्राम परिवार'.

स्वयंपाकघराच्या दारात बायकोने पदर तोंडात कोंबला. सुजाता माझ्याकडे अशी बघत होती, की जन्मभर न बोलण्याचा तिचा बेत सुरू झाला असावा.

विहारापर्यंत मी गुरुजींच्या पाठीला चिकटून चाललो.

"मेश्राम, तुम्ही मागंच काऊन चालून राह्यले?"

"वडीलधाऱ्यांच्या पुढं जाऊ नाई, गुरुजी."

"वा! संस्कार आहेत."

पण वंदनेला गुरुजी बसले पुढच्या रांगेत, आणि मागे अख्खी वस्ती. वंदना संपताच माणसे येऊन गुरुजींना हात जोडू लागली. "जयभीम गुरुजी! तुम्हालेही मंगल कामना, आन् मेश्राम परिवारालेही!" गुरुजी भारावले. "मेश्राम, तुमच्या इथचे लोक लय नम्र हो! ओळख नाई पाळख नाई, आन् तुमच्या परिवाराचं नाव मले कसं सांगून राह्यले!"

तेवढ्यात सुजाताच्या तोंडून हसू सुटले. साधे नव्हे; खांबाला धरून, डोळ्यांत पाणी आणणारे. तिचा इलाजच राहिला नाही. "गुरुजी, दादानं तुमच्या पाठीवर ग्रीटिंग छापलं!"

गुरुजींनी सदरा काढला. चष्मा लावला. बनियनवर उभे राहून त्यांनी मजकूर वाचला, पान नखाने खरवडून पाहिले. ते निघाले नाही. (चिकटायला हवे तिथे माझे काम पक्के असते.) मी जमिनीकडे बघत होतो.

"कोणी कोरलं?"

"मी, गुरुजी."

"मंजे कार्डावर उलटं आलं असन."

"हो."

"आन् माह्या पाठीवर येऊन दुरुस्त झालं!"

गुरुजींचा मुलगा तेव्हा प्रथमच बोलला. "बाबा, साऱ्या वस्तीसमोर त्यायच्या मंगल कामना अंगावर घेऊन फिरले तुम्ही. आता नाई कसं म्हनता?"

गुरुजींनी सदऱ्याची घडी घातली, काठाला काठ जुळवून. "पोरगी खरं बोलते, मले पसंत आहे. घेणंदेणं काही नाई. फक्त एक अट. लग्नाची पत्रिका हे भाऊ छापनार नाई!"

लग्न झाले. पेटीतली कार्डे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून अजून उत्तम चालते. सदऱ्यावरचे पान मात्र कशानेच निघेना. पुढे दिवाळीला सुजाता माहेरी आली तेव्हा मी भीत भीत सदऱ्याची चौकशी केली.

"मामंजीनं तो धानाच्या बांधीतल्या बुजगावण्याले घातला," ती म्हणाली. "पाठ रस्त्याकडं करून."

"मंग?"

"मंग काय दादा, तुयं नाव पाह्यलं का पाखरू बांधीत उतरतच नाई!"