सुई मंदारची, मोजे माझे

श्रीखंडाचे रिकामे डबे कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी कपाट उघडलं की अंगावर येतात. इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या बॅडमिंटन ग्रुपमधल्या किश्शांचं तसंच आहे. कुणाकडे जेवायला बसलो की एक बाहेर पडतो आणि त्याच्यामागून दहा. त्यातले निम्मे माझ्या बायकोच्या, अनघाच्या, ऑपरेशनचे असतात आणि त्या सगळ्यांत हिरो असतो मंदार. लोक ते फार रंगवून सांगतात. म्हणून आज मीच सांगतो.

मंदार माझा कॉलेजपासूनचा मित्र. उंच, सडपातळ, डोक्यावरचे केस अजून जागच्या जागी. याहून जास्त वर्णन मी करणार नाही.

अनघाचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मला भीती होती ती नंतरची. तिचे वडील पायात रक्ताची गुठळी होऊन, ती फुप्फुसात अडकून गेले. हे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, हिची जास्त काळजी घ्यायची. घट्ट मोजे, लगेच चालणं, आणि घरी आल्यावरही काही आठवडे रोज पोटात रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. अनघा शांतपणे मान डोलवत होती. माझ्याच तोंडाला कोरड पडली होती.

*

ऑपरेशनच्या आधी क्लिनिकमध्ये बोलावलं होतं. माझी गाडी गॅरेजमध्ये, म्हणून मंदारने आम्हाला नेलं. नर्सने टेबलावर रबराचं एक पोट ठेवलं आणि विचारलं, "घरी इंजेक्शन कोण देणार?"

मी ऐटीत हात वर केला. तिने सुईचं टोपण काढलं. त्यानंतर मला एकदम खुर्चीखालची फरशी आठवते.

डोळे उघडले तर मंदार रबराच्या पोटाची चिमटी धरून झकास सुई टोचत होता. नर्स अनघाला कौतुकाने म्हणाली, "युअर हजबंड इज अ नॅचरल!"

अनघाने तिची चूक दुरुस्त केली. जरा उशिरा केली, असं माझं मत आहे.

*

सुई गेली तर गेली, मोजे तरी माझे! ते पांढरे, बोटांशी उघडे, गुडघ्यापर्यंतचे मोजे चढवणं म्हणजे गव्हाचं पोतं उशीच्या अभ्र्यात भरणं. मी घामाघूम व्हायचो, अनघा ओरडायची, पण काम माझं होतं.

एकदा मंदार आला आणि दोन मिनिटं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पायाला आधी प्लास्टिकची पिशवी घाल. वरून मोजा सरकतो. मग पुढून पिशवी ओढून काढायची."

मोजा सर्रकन चढला. अनघा मला म्हणाली, "हे आधी का नाही सुचलं रे तुला?"

*

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी नर्सने तिला उठवून वॉर्डात चालवलं. नेमका तेव्हाच नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. त्या कळवळल्या, "अगं, पोटाचं ऑपरेशन ना? बाळंतिणीसारखं पडून राहायचं. ही माणसं चालवतात काय तुला!"

मी समजावायला तोंड उघडलं तोवर, तिला बघायला आलेला मंदार मधे आला. "काकू, तापलेलं दूध तसंच ठेवलं की साय धरते ना? हलवत राहिलं की नाही धरत. रक्ताचं तसंच समजा."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "यांच्या वेळी कुणी असं सांगणारं असतं तर... आता मला घोर नाही. अनघाची काळजी घेणारं कुणीतरी आहे तिथे."

फोन मी धरला होता.

*

घरी आल्यावर ग्रुपने पाळ्या लावल्या. बाहेर पाऊस, म्हणून अनघाला शॉपिंग सेंटरमध्ये फिरवायचं. माझ्या पाळीला ती म्हणायची, "तू काय ट्रेन पकडायला निघालायस का?" मंदारबरोबर मात्र दोन-दोन फेऱ्या जास्त व्हायच्या.

ग्रुपमधल्या शिल्पाने त्या दोघांचा पाठमोरा फोटो ग्रुपवर टाकला. लगेच कुणीतरी लिहिलं, "वा! सतीश पण किती बारीक झाला!"

सतीश म्हणजे मी. मी त्या वेळी घरी भांडी घासत होतो. त्या मेसेजवर अंगठे किती आले ते मी मोजलं नाही, पण अनघाचाही होता.

*

आता इंजेक्शनचं. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना मंदार आमच्याकडे यायचा. तो आला की मी स्वयंपाकघरात जायचो, दार लावायचो आणि चिमणीचा पंखा फुल करायचो. सुईचा विचारही नको व्हायचा. पण पंख्याच्या आवाजातूनही बाहेरचं हसणं ऐकू यायचं. नंतर मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही रे," दोघंही म्हणायचे.

खरं सांगतो, त्या "काही नाही"ने माझी झोप उडवली होती. दिवसेंदिवस ही सुंदर होत चाललेली, हा मुळातच देखणा, आणि मी भिंतीआड वरणाला फोडणी देतोय.

मग एका संध्याकाळी पंखा बंद पडला. बाहेर अगदी शांतता होती. ती मला हसण्यापेक्षा वाईट वाटली. मी दार ढकलून सरळ हॉलमध्ये गेलो.

अनघा सोफ्यावर बसली होती आणि स्वतःच्या हाताने, शांतपणे, पोटात सुई टोचत होती. शेजारी मंदार बसलेला. डोळे गच्च मिटलेले, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"हे काय?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून मीच घेते," अनघा म्हणाली. "रबराचं पोट वेगळं. माझं पोट बघून ह्याचे हात लटपटायला लागले. हा तुझ्याहून भित्रा आहे. त्याचंच हसू यायचं आम्हाला."

"मग हा रोज येतो कशाला?"

तिने सुई वापरलेल्या सुयांच्या पिवळ्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाबांची आठवण येते रे त्या वेळी. तू आत जाऊन बसतोस. कुणीतरी शेजारी लागतं ना."

मी तसाच उभा. आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, मंदारने डोळे न उघडताच सरकून मला जागा करून दिली.