हॅलोताईंचा शेल

रुग्णालयात तिला सगळे हॅलोताई म्हणत. बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून तिने असा काही आवाज कमावला होता, की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी तिचीच विचारपूस करून फोन ठेवायचा. काय तो बोर्ड, काय ते लुकलुकणारे लाल दिवे! एके दिवशी ते सगळं यंत्राकडे गेलं आणि तिच्यासमोर दोनच वाटा उरल्या. दूरच्या शाखेत बदली, म्हणजे घराचं तोंड आठवड्यातून एकदा. नाहीतर इथल्याच संगणक विभागात खुर्ची. तिने संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं. ते ऐकून विभागाचे साहेब म्हणाले, "ताई, एक छोटा शेल लिहून दाखवा. चालला तर खुर्ची तुमची."

शेल म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेला हुकूम वाचून तो तडीस नेणारा प्रोग्रॅम. साधे हुकूम तिने आठवड्यात बसवले. घोडं अडलं ते मागे चालणाऱ्या कामांपाशी. हुकमाच्या शेवटी एक खूण टाकली, की ते काम मागे चालत राहायला हवं आणि शेल पुढचा हुकूम घ्यायला मोकळा हवा. मागचं काम संपलं की यंत्रणा शेलला इशारा देते. शेलने त्याची दखल घेऊन यादीतून नाव खोडायचं. दखल घेतली नाही, तर संपलेलं काम भूत होऊन तिथेच बसतं. भूमिका आटोपलेल्या नटाने रंग न उतरवता विंगेतच ठाण मांडावं, तसं.

एकेक काम सोडलं की सगळं झकास. दहा कामं एकाच क्षणी संपली, की मात्र तीन-चार नावं खोडली जायची आणि बाकीची भुतं. प्रात्यक्षिक शुक्रवारवर आलं, तरी भुतं हलेनात.

बुधवारी दुपारी ती घरी त्याच विचारात असताना दाराची बेल वाजली. तिने दार उघडलं, बाहेरून आलेल्या सासूबाईंना आत घेतलं, दार लावलं आणि पुन्हा संगणकासमोर जाऊन बसली.

"अगं वहिनी, आम्ही काय जिन्यातच राहायचं?" बाहेरून थोरली नणंद ओरडली.

हॅलोताई धावली. "अय्या, वन्सं! तुम्हीपण आलात?"

"मी आहे, हे आहेत, चार पिशव्या आहेत! आता माणशी एक बेल वाजवायची का?"

"थांब, मी वाजवतो माझी वेगळी," नणंदेचे यजमान म्हणाले आणि त्यांनी खरंच बटण दाबलं.

हॅलोताई हसली नाही. दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. बोर्डावरचा हिशेब साधा होता: एक घंटा, एक फोन. दुसऱ्याला बोलायचं असेल तर त्याची घंटा वेगळी वाजेल. नकळत तेच तिने प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं: एक इशारा, एक काम. पण कामं एकदम संपली, तर यंत्रणा त्यांतल्या कित्येकांचा मिळून एकच इशारा देते. दारात किती जण उभे आहेत, ते आपण बघायचं असतं!

"या, या, सगळे आत या!" म्हणत तिने नणंदेला हाताला धरून ओढलं आणि पाणीबिणी न विचारता सरळ संगणक गाठला. इशारा आला की संपलेलं एक काम उचल. आणखी आहे का विचार. असेल तर तेही उचल. संपलेलं कुणी उरलं नाही की थांब, अजून चालू असलेल्यांसाठी खोळंबू नकोस. दोन ओळींचा फरक!

"हिला काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काय व्हायचंय? दार उघडलं हेच नशीब समज, आई."

शुक्रवारी साहेबांनी एकदम पन्नास कामं मागे सोडली, पाच सेकंदांनी सगळी एकत्र संपतील अशी. पाच सेकंद सरले. साहेबांनी यादी मागवली. यादी कोरी! त्यांनी भुतं शोधली. एकही नाही.

"सोमवारपासून इथे बसा," साहेब म्हणाले.

"साहेब, पुन्हा एकदा चालवू?"

"का? शंका आहे?"

"शंका नाही हो. बघायला बरं वाटतंय."

तिने आणखी तीनदा चालवून बघितलं. मग बदलीचा कागद परत करायला खाली कार्यालयात गेली. तिथला कारकून जुना ओळखीचा. "सामान बांधलं होतंत की काय?" त्याने विचारलं.

"अर्धं," ती म्हणाली आणि तिथल्याच बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.