दार न वाजवणारा माणूस

ज्या सिनेमाला सगळे शहाणे लोक थोर म्हणतात, त्यात एक माणूस एकटा चहा पितो. मग कप विसळतो. मग खिडकीत बसतो. हा सिनेमा पाहताना मी माझ्या नातीचं लग्न मोडत आणलं होतं!

सायलीचं इंदिरानगरातल्या एका मुलाशी जुळत आलं होतं. मुलगा सोन्यासारखा, पण बाप प्राध्यापक आणि सिनेमावेडा. सुपारी फोडण्याआधी दोन्ही घरांनी एकत्र बसून त्यांचा आवडता सिनेमा पाहावा, ही त्यांची इच्छा. (लोक पत्रिका पाहतात, हे सिनेमा पाहतात. जाऊ द्या.)

गाडीत सायलीने दम भरला. "आजी, माणसाच्या एकटेपणावरचा सिनेमा आहे. सरांचा जीव आहे त्याच्यावर. तू एक शब्द बोलू नकोस."

"आणि नाय आवडला तर?"

"तरी आवडला!"

कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून मी मळ्यातली मेथी नेली होती. पिशवीभर. खोलीत अंधार केला, सिनेमा सुरू झाला. तो माणूस चहा पिऊ लागला. पीतच राहिला. माझे हात शिवशिवायला लागले. हळूच एक जुडी सोडून मी मेथी निवडायला घेतली. शेजारी प्राध्यापकीणबाई, सुनंदाताई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सिनेमाकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "द्या इकडे एक जुडी."

मग काय! काड्या एकीकडे, पाला एकीकडे.

"ह्याला आईबाप नाहीत का हो?" मी कुजबुजले.

"शेवटपर्यंत कळत नाही."

"मग जेवतो काय?"

"पाव. माझं लग्न झाल्यापासून बघतेय, पावच खातो."

पुढून प्राध्यापक "श्शू!" करायचे, मागून सायली माझा पदर ओढायची.

शेवटाकडे तो माणूस एकदाचा उठला. शेजाऱ्याच्या दारापाशी गेला. हात वर केला आणि तसाच उभा! वाजवीना, परतही फिरेना. आतून ताटवाट्यांचा आवाज, माणसं हसतायत, आणि हा खांबासारखा! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तरी निसटलंच.

"वाजव की मेल्या! खातात काय तुला?"

सुनंदाताई इतक्या हसल्या, की मांडीवरची मेथी सगळी खाली. नवरामुलगा हसला. जन्मात न हसणारा माझा लेकसुद्धा हसला! प्राध्यापकांनी सिनेमा बंद केला. "ह्यातलं दुःख कुणालाच कळलं नाही," म्हणाले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सायली रडकुंडीला आली. "झालं समाधान, आजी? मोडलं आता!"

"मग जा ना कुणीतरी आत."

"नको, त्यांना एकटं राहू दे," सगळे एका सुरात म्हणाले.

अहो, त्या सिनेमातले शेजारी तरी दुसरं काय म्हणत असणार! मी उठले आणि दार वाजवलं. वाजवलं कसलं, बडवलं.

"कोण आहे?"

"मीच, सायलीची आजी. उघडा. सिनेमा वाईट नाय तुमचा, लांब हाय. कीव आली त्याची म्हणून ओरडले. नसती आली तर झोपले असते!"

आतून कडी निघाली.

"आजी," प्राध्यापक म्हणाले, "आजवर लोकांनी ह्या सिनेमाला टाळ्या दिल्या. त्या बिचाऱ्याला हाक कुणी मारली नव्हती. सुपारी फोडू. पण तुम्ही शेवट पाहिलेला नाही. आता पहिल्यापासून बघायचा. गप्प बसून."

नातीसाठी बसले. तो चहा प्यायला, कप विसळला, खिडकीत बसला. आणि शेवटी शेवटी माझ्या पोटरीत असा गोळा आला म्हणता! बोलायची चोरी, म्हणून डोळ्यांतून घळाघळा पाणी. दिवा लावल्यावर प्राध्यापकांनी ते पाहिलं आणि तेही डोळे पुसू लागले.

लग्न थाटात झालं. तेव्हापासून व्याही भेटेल त्याला सांगतात, सिनेमा कळावा तर आमच्या आजींना. मी मान हलवते. फक्त त्या माणसाने शेवटी दार वाजवलं का, हे मला कुणी विचारू नये. त्या वेळी मी खाली वाकून पायाचा अंगठा ओढत होते!